विणकराच्या मुलाने टिपलेला ठिपका

साल १८२६. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. तेथील पॅरामॅटा या गावी जेम्स डनलॉप नावाचा तिशीतला एक गृहस्थ आपल्या घराच्या परसात रात्रीमागून रात्री दुर्बिणीला डोळा लावून उभा असे. दुर्बीण त्याने स्वतःच्या हाताने तयार केलेली होती. तिचा आरसा नऊ इंचांचा. तो काचेचा नव्हे, धातूचा, घासून घासून चकचकीत केलेला. दक्षिणेच्या आकाशात जे जे धूसर दिसेल त्याची तो नोंद करीत चालला होता. अशाच एका रात्री त्याच्या दुर्बिणीत एक पुसट ठिपका आला. त्याने त्याची जागा लिहून घेतली. पुढे त्याच्या यादीत या ठिपक्याला ५६२ हा क्रमांक मिळाला.

वाचक बंधू-भगिनींनो, तो ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण दुप्पट आकाराची एक अवाढव्य दीर्घिका होती, हे डनलॉपला मरेपर्यंत कळले नाही. कळण्याची सोयच नव्हती. आज तिला एनजीसी १३६५ असे म्हणतात. तिच्या पोटात ताऱ्यांची एक लांबलचक दांडी आहे. ही दांडी काय काम करते, हे शोधता शोधता माणसाला स्वतःच्या आकाशगंगेची ओळख पटत गेली. म्हणून तिची हकीकत आपल्या कौटुंबिक पानावर सांगावीशी वाटते.

रात्रशाळेतून आकाशाकडे

डनलॉपचा जन्म १७९३ साली स्कॉटलंडमधील डॅलरी गावी झाला. बाप विणकर. पोरगा चौदाव्या वर्षी सुताच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा कारखाना आणि रात्री रात्रशाळा, असे त्याचे शिक्षण झाले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. पण हाताला यंत्रांची गोडी होती. विशीच्या आतच तो लेथ आणि दुर्बिणी बनवू लागला. पुढे थॉमस ब्रिस्बेन हे न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर म्हणून निघाले. त्यांना खगोलशास्त्राचा नाद होता. वेधशाळेच्या कामासाठी त्यांनी डनलॉपला सोबत नेले. १८२१ साली ही मंडळी तिकडे पोचली.

वेधशाळेची नोकरी सुटल्यावर डनलॉपने घरच्या परसात स्वतःचे काम आरंभले. त्यातून ६२९ तेजोमेघ व तारकागुच्छ यांची यादी तयार झाली आणि १८२८ साली ती लंडनला छापली गेली. त्याच वर्षी तिथल्या खगोलशास्त्रीय संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. विणकराच्या मुलासाठी ही केवढी गोष्ट होती!

पण मान फार दिवस टिकला नाही. १८३४ साली जॉन हर्षल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन राहिले. वडील विल्यम हर्षल हे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ, घराणे नावाजलेले, दुर्बिणीचा आरसा अठरा इंचांचा. त्यांनी डनलॉपची यादी तपासायला घेतली, तेव्हा ६२९ पैकी फक्त २११ नोंदी त्यांना सापडल्या. उरलेल्या ४१८ चा पत्ता लागेना. डनलॉपच्या कामावर ठपका बसला तो कायमचा. १८४८ साली तो वारला.

आज हिशेब पुन्हा मांडला गेला आहे. डनलॉपच्या चुका होत्याच. काही जागा चुकीच्या लिहिल्या गेल्या, तर काही जवळजवळ असलेल्या ताऱ्यांच्या जोड्या त्याला तेजोमेघ वाटल्या. परंतु त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक नोंदी खऱ्या वस्तूंच्या निघाल्या आहेत. क्रमांक ५६२ ही त्यांतलीच एक. पुढे आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेत जॉन ड्रायर यांनी १८८८ साली ७,८४० वस्तूंची नवी सर्वसाधारण यादी केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे एनजीसी. त्या यादीत हा ठिपका १३६५ व्या ओळीत आला आणि तेच त्याचे नाव होऊन बसले.

दांडी आणि दोन भुजा

ठिपक्याचे रूप उलगडले ते छायाचित्रणाची कला आल्यावर. दुर्बिणीला तासन्‌तास काच लावून ठेवली की डोळ्याला न दिसणारा उजेडही तिच्यावर साठत जाई. अशा छायाचित्रांत पुष्कळ तेजोमेघ भोवऱ्यासारखे वळलेले दिसू लागले. त्यांतील काहींचे वळण मात्र वेगळे होते. १९१८ साली अमेरिकेतील हेबर कर्टिस यांनी त्यांना ग्रीक ‘फाय’ अक्षराचे नाव दिले, कारण त्या अक्षरात गोलाच्या मधोमध एक उभी रेघ असते. १९२६ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांचे वर्ग पाडले. त्यांत साध्या सर्पिल दीर्घिका आणि मधे दांडी असलेल्या सर्पिल दीर्घिका असे दोन वेगळे वर्ग केले.

एनजीसी १३६५ हा या दुसऱ्या वर्गाचा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. मधोमध पिवळसर, जुन्या ताऱ्यांचा उजळ भाग. त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ गेलेली लांब दांडी. दांडीच्या एका टोकातून एक भुजा आणि दुसऱ्या टोकातून दुसरी भुजा निघते व मोठा वळसा घेते. भुजांवर निळसर ठिपके आहेत, ते नव्या, तप्त ताऱ्यांचे. दांडीच्या अंगावर काळसर रेघा आहेत, त्या धुळीच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला सुमारे २ लाख वर्षे लागतात. आपल्या आकाशगंगेला हेच अंतर साधारण १ लाख प्रकाशवर्षांचे आहे.

अंतर कोणी मोजले?

इतक्या लांबच्या वस्तूला टेप लावता येत नाही. मग अंतर कळते कसे? याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी दिली. हार्वर्डच्या वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासून ताऱ्यांची तेजस्विता लिहिण्याचे काम त्या करीत. कानांनी त्यांना कमी ऐकू येई. दुर्बीण चालवण्याचे काम तिथे बायकांना देत नसत. सेफिड नावाचे तारे ठराविक दिवसांनी तेजस्वी होतात व मंदावतात. जो तारा हे चक्र सावकाश पुरे करतो तो मुळातच अधिक तेजस्वी असतो, हे लेव्हिट बाईंनी १९१२ साली दाखवून दिले. म्हणजे चक्राचे दिवस मोजले की ताऱ्याचे खरे तेज कळते, आणि तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर काढता येते. रस्त्यावरचा दिवा किती वॅटचा हे ठाऊक असले, तर तो किती लांब आहे याचा अंदाज येतो, तसेच हे.

हबल दुर्बिणीने १९९५ साली एनजीसी १३६५ चे पुन्हा पुन्हा फोटो घेतले. त्यांतून पन्नासएक सेफिड तारे सापडले. अंतर निघाले सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे. काही मोजण्या ५ कोटी ६० लाखांच्या जवळ जातात. ढोबळ मानाने सहा कोटी धरू या.

याचा अर्थ आज आपल्या दुर्बिणीत येणारा तिचा प्रकाश सहा कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक ज्या लाव्हाचा बनला, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडला. तो थिजून पन्नास-साठ लाख वर्षे लोटली, डायनोसॉर संपले, माणूस तर फारच पुढची गोष्ट, अशा काळी हा उजेड तिकडून निघाला.

दांडी करते काय?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ही दांडी लोखंडी कांबीसारखी घट्ट नाही. ती बनली आहे कोट्यवधी ताऱ्यांच्या भ्रमणातून. हे तारे केंद्राभोवती गोल न फिरता लांबट, अंड्याच्या आकाराच्या मार्गाने फिरतात आणि त्या मार्गांची रांग एकाच दिशेला जुळलेली असते. लेझीमच्या पथकात गडी पुढेमागे सरकतात, पण लांबून पाहणाऱ्याला पथकाचा आकार तसाच चालताना दिसतो. दांडीचे असेच आहे. तो सगळा आकार सावकाश फिरत राहतो. एनजीसी १३६५ मध्ये दांडीच्या बाहेरच्या टोकाला एक फेरी पुरी करायला सुमारे ३५ कोटी वर्षे लागतात. आपल्यापर्यंत तिचा प्रकाश पोचेपर्यंतच्या सहा कोटी वर्षांत तिची जेमतेम एक षष्ठांश फेरी झाली असेल!

तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की त्यांची टक्कर जवळजवळ कधीच होत नाही. वायूचे तसे नाही. वायूचे ढग दांडीच्या आत शिरले की एकमेकांवर आदळतात. दांडीच्या पुढच्या कडेला ते दाटतात, दाबले जातात आणि आपला फिरण्याचा जोर गमावतात. जोर गेला की ते केंद्राकडे घसरतात. फोटोतल्या त्या काळसर रेघा म्हणजे ही घसरण होण्याच्या वाटा आहेत. थोडक्यात, दांडी हा एक पाट आहे. दीर्घिकेच्या रानात पसरलेला वायू ती गोळा करते आणि मधल्या भागात आणून सोडते.

मग तिथे या मालाचे काय होते? जमाखर्चच मांडून पाहू.

आवक बाजूला एकच मोठी रक्कम, दांडीतून येणारा वायू. खर्चाच्या बाजूला पहिली आणि ठळक रक्कम नव्या ताऱ्यांची. केंद्राभोवती वायूचे कडे बनले आहे आणि त्यात ताऱ्यांची पैदास जोरात चालू आहे. साध्या दुर्बिणींना हा भाग नीट दिसत नसे, कारण धुळीचा पडदा आड येतो. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांत पाहते, त्या किरणांना धूळ तितकीशी अडवीत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केंद्राजवळ तिसाहून अधिक तरुण तारकागुच्छ मोजले गेले. त्यांतल्या प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहा लाख पट किंवा त्याहून अधिक आहे, आणि वय एक कोटी वर्षांच्या आत. विश्वाच्या मानाने काल जन्मलेली लेकरे. त्यांतील पुष्कळ धुळीआड दडलेली होती.

खर्चाची दुसरी रक्कम कृष्णविवराची. अगदी मधोमध बसलेल्या या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २० लाख पट मानले जाते. वाचताना मोठे वाटते, पण आपल्या आकाशगंगेच्या कृष्णविवराचे ४० लाखांच्या वर आहे. म्हणजे घर दुप्पट, आणि मधला रहिवासी निम्म्याने लहान! फरक असा की आपले कृष्णविवर सध्या जवळजवळ उपाशी आहे, तर एनजीसी १३६५ चे जेवते आहे.

तिसरी रक्कम परतीची. केंद्रातून वायू शंकूच्या आकारात बाहेर फेकला जाताना दिसतो. आलेला सगळा माल आत राहत नाही, काही बाहेर परत जातो.

कृष्णविवराची जुनी वही

कृष्णविवर दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू तापून क्ष-किरण सोडतो. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण अंतराळात आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये तिने दोन आठवड्यांत सहा वेळा एनजीसी १३६५ चे केंद्र पाहिले. पाच वेळा जोरकस क्ष-किरण आले, दुसऱ्या खेपेला मात्र ते अडले. वायूचा एक दाट ढग आड येऊन गेला होता. जणू ग्रहणच लागले! झाकायला आणि उघडायला किती वेळ लागला यावरून त्या तप्त चकतीचा आकार काढता आला. तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या फक्त सातएक पट भरला. सहा कोटी प्रकाशवर्षांवरची एवढीशी वस्तू माणसाने अशी मापली.

पुढचे पाऊल २०१३ साली पडले. ‘न्यूस्टार’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दोन अंतराळ दुर्बिणींनी २०१२ मध्ये एकाच वेळी हे केंद्र पाहिले होते. लोखंडाच्या अणूंमधून येणाऱ्या क्ष-किरणांची खूण कृष्णविवराजवळ ओढली जाऊन पसरट होते. ती किती पसरली यावरून गुइदो रिसालिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की हे कृष्णविवर स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरते, निसर्गनियमांनी घातलेल्या कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के.

याचे महत्त्व काय? कृष्णविवराला चारी बाजूंनी, वाटेल तसे घास मिळाले असते तर एका घासाने मिळालेली गती दुसऱ्याने मोडली असती. गती एवढी मोठी आहे, त्या अर्थी पुष्कळ माल एकाच दिशेने, शिस्तीत आत आला असावा. फिरण्याचा वेग ही त्याच्या खाण्याची जुनी वही आहे. आजचा घास कोणी पाहिला तरी कोट्यवधी वर्षांची नोंद या वेगातच वाचता येते.

आपलेच घर

आता कोणी विचारील, सहा कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दांडीशी आपले काय देणेघेणे?

देणेघेणे आहे. आपली आकाशगंगाही दांडीची आहे. पण आपण तिच्या आतच राहतो. घराच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला आपल्याच घराचे कौल कसे दिसावे? १९६४ साली जेरार्ड द व्होकूलर यांनी वायूच्या हालचालींवरून आपल्या आकाशगंगेत दांडी असावी असे मांडले. पुष्कळांना ते पटले नाही. १९९० च्या दशकात अवरक्त किरणांच्या निरीक्षणांनी पुरावा भक्कम झाला. २००५ साली स्पिट्झर दुर्बिणीच्या पाहणीतून ती दांडी सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे लांब असल्याचे पुढे आले. आपल्या घराचा नकाशा काढताना एनजीसी १३६५ सारखी शेजारची घरेच उपयोगी पडतात, कारण त्यांचे छप्पर, ओसरी आणि परसू एकाच नजरेत दिसते.

आज आपल्या जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश दीर्घिकांत दांडी आहे. मग पूर्वीही इतक्याच होत्या का? कार्तिक शेठ यांच्या गटाने २००८ साली दोन हजारांवर दीर्घिका तपासल्या. सातशे कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दांडीच्या दीर्घिका फक्त २० टक्क्यांच्या आसपास निघाल्या. त्यावरून असे मानले गेले की दांडी हे प्रौढपणाचे लक्षण आहे. दीर्घिकेची चकती स्थिरावली की मग दांडी धरते.

पण पुन्हा वही उघडावी लागली. २०२३ साली जेम्स वेबच्या छायाचित्रांत सीअर्स-२११२ नावाची दीर्घिका सापडली. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे. ही दीर्घिका दिसते ती विश्व २१० कोटी वर्षांचे असतानाची, आणि तरी तिच्यात दांडी आहे! लुका कोस्टांटिन यांच्या गटाने हा शोध मांडला. भुजांच्या बाबतीतही असेच झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली अशी एक सर्पिल दीर्घिका दाखवली, जी विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असतानाच दोन सुरेख भुजांनिशी उभी होती. तिचे नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवले. इतक्या लवकर असे बांधेसूद आकार बनतात हे पूर्वीच्या समजुतीत बसत नव्हते. समजूत बदलावी लागते आहे, आणि शास्त्रात यात कमीपणा मानत नाहीत.

पुन्हा न्यू साउथ वेल्स

एनजीसी १३६५ मध्ये आजवर चार ताऱ्यांचे स्फोट टिपले गेले, १९५७, १९८३, २००१ आणि २०१२ साली. स्फोट पावणारा असा तारा काही आठवडे कोट्यवधी सूर्यांइतका झळकतो. २०१२ चा स्फोट चिली देशातील स्वयंचलित दुर्बिणीने पकडला. पण १९८३ आणि २००१ चे दोन स्फोट रॉबर्ट इव्हान्स या एकाच माणसाने शोधले. ते पेशाने पाद्री, राहणारे न्यू साउथ वेल्सचे. शेकडो दीर्घिकांची रूपे त्यांना तोंडपाठ होती. २००१ साली त्यांच्या हाताशी बारा इंची दुर्बीण होती. तिच्यातून पाहताना एखादा ठिपका जास्त दिसला की त्यांच्या लगेच ध्यानी येई. ज्या प्रांतातल्या एका परसात ही दीर्घिका प्रथम नोंदली गेली, त्याच प्रांतातल्या एका हौशी निरीक्षकाने पावणेदोनशे वर्षांनीही तिच्यावर नजर ठेवली होती.

आपल्याकडूनही ती जागा दिसते. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे वर मृग नक्षत्र ओळखू येईल. त्याच्या उजवीकडे, खाली, क्षितिजापासून आकाशाच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर तेजस्वी ताऱ्यांविना एक रिकामा वाटणारा भाग आहे. तो अश्मंत तारकासमूह. एनजीसी १३६५ त्यातच आहे. नुसत्या डोळ्यांनी ती दिसणार नाही. शहराच्या दिव्यांपासून दूर, आठ-नऊ इंची दुर्बीण असलेल्या एखाद्या आकाशदर्शन मंडळाच्या कार्यक्रमाला मुलांना घेऊन गेलात, तर तिथल्या जाणत्याला या दीर्घिकेचे नाव सांगून विचारा.

दिसेल तो एक पुसट ठिपका. फोटोतल्यासारखे रंग, भुजा काही दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती हिरमुसणार नाहीत. आणि हेही सांगा, की दिवसा सुताच्या कारखान्यात राबून रात्रशाळेत शिकलेल्या एका मुलाने मोठेपणी स्वतः घासलेल्या नऊ इंची आरशातून पाहिलेला ठिपका तो हाच. त्याला तो कशाचा आहे ते समजले नव्हते. तरी त्याने जागा लिहून ठेवली.